अॅम्बॅसेडरचे इंजिन बांधताना रॉकरची भूमिती: आधी शाफ्टची उंची, मग पुशरॉड

अॅम्बॅसेडरचे जुने १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन उघडून नव्याने बांधणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "हेडला फेसिंग केलं, सीटा कापल्या, कॅमशाफ्ट ग्राइंड करून आणला. आता पुशरॉड किती लांबीचे घेऊ?" (कॅमशाफ्टचा उंचवटा, म्हणजे लोब, टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरचे एक टोक वर ढकलतो आणि रॉकरचे दुसरे टोक व्हॉल्व्हचा दांडा, म्हणजे स्टेम, खाली दाबते.) पुशरॉडचा हा प्रश्न सहाव्या पायरीवरचा आहे. खालच्या पाच पायऱ्या सोडून तो विचारला, की पुशरॉड विकत आणले जातात, टॅपेट सेट होते (म्हणजे रॉकर आणि स्टेममधली फट, गॅप, लावली जाते), इंजिन सुरूही होते. मग काही हजार किलोमीटरमध्ये गाइड (स्टेम ज्यातून सरकतो ती नळी) ढिली होते, स्टेमचे टोक एका बाजूने खाल्ले जाते आणि टॅपेट कितीही वेळा सेट केले तरी वाजत राहते.

गोंधळाचे मुख्य कारण असे: रॉकरच्या भूमितीबद्दल जे व्हिडिओ आणि लेख सहज सापडतात ते बहुतेक अमेरिकन व्ही-८ इंजिनांचे असतात. त्या इंजिनांत प्रत्येक रॉकर स्वतंत्र स्टडवर बसतो आणि नट फिरवला की वर-खाली होतो. तिथे पुशरॉडची लांबी बदलली की रॉकरचा मध्यबिंदूही वर-खाली सरकतो, म्हणून तिथे सुरुवातच पुशरॉडपासून होते. आपल्या इंजिनात, म्हणजे बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज घराण्यात, आठही रॉकर एका शाफ्टवर आहेत आणि तो शाफ्ट चार ब्रॅकेटांवर, हेडला पक्का आवळलेला आहे. पुशरॉड लांब घ्या की आखूड, रॉकरचा मध्य जागचा हलत नाही. व्हॉल्व्हच्या बाजूची भूमिती ब्रॅकेटची उंची ठरवते. पुशरॉड ठरवतो ती फक्त अॅडजस्टिंग स्क्रूची जागा.

पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनातही रॉकर शाफ्टवरच आहेत, तेव्हा खालचा क्रम तिथेही चालेल. मापे मात्र प्रत्येक इंजिनाची स्वतःची घ्यावीत.

## कामाला हात घालण्यापूर्वी: काय बदलले की काय सरकते

हे एकदा कागदावर मांडा आणि गॅरेजच्या भिंतीवर चिकटवा. मशीन शॉपमधून आलेल्या प्रत्येक कामाचा परिणाम एक तर व्हॉल्व्हच्या बाजूच्या भूमितीवर होतो, नाहीतर फक्त पुशरॉडच्या बाजूवर.

व्हॉल्व्हच्या बाजूची भूमिती बदलणाऱ्या गोष्टी: सीट (हेडमधली व्हॉल्व्ह टेकण्याची जागा) खोल कापणे, व्हॉल्व्हचा फेस ग्राइंड करणे, वेगळ्या लांबीचे व्हॉल्व्ह टाकणे, स्टेमचे टोक घासणे, रॉकरचा पॅड (स्टेमवर टेकणारा भाग) घासणे, ब्रॅकेट बदलणे. सीट खोल गेली की व्हॉल्व्ह वर येतो, म्हणजे शाफ्ट त्याच्या मानाने खाली गेला.

फक्त पुशरॉडच्या बाजूवर परिणाम करणाऱ्या गोष्टी: हेडचे फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे), ब्लॉकचे फेसिंग, गॅस्केटची जाडी, ग्राइंड केलेला कॅमशाफ्ट, खालून घासलेले टॅपेट. हेड १ मिमी उतरवले तर शाफ्ट आणि व्हॉल्व्ह दोन्ही एकत्र १ मिमी खाली आले. त्यांचे आपसातले नाते तसेच राहिले. पुशरॉडला मात्र तेवढी जागा कमी झाली. उलट कॅम ग्राइंड केल्यावर त्याचे बेस सर्कल (उंचवटा सोडून उरलेला गोल भाग) लहान होते, टॅपेट खाली बसते आणि पुशरॉड आखूड पडतो. म्हणून हेड आणि कॅम दोन्हींवर काम झाले असेल, तर दोन बदल एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात आणि मूळ पुशरॉड अगदी बरोबर बसतो. असे मी पुष्कळदा पाहिले आहे. "हेड उतरवलंय ना, मग पुशरॉड बदलायलाच हवेत" हे वाक्य त्यामुळे मोजल्याशिवाय खरे धरू नये.

## तयारी

साहित्य फार लागत नाही: मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज, डेप्थ मोजणारा व्हर्नियर, फिलर गेज, सरळ पट्टी, टायमिंग डिस्क, मार्किंग ब्लू किंवा चांगला परमनंट मार्कर, भिंग आणि टॉर्क रेंच. याशिवाय दोन मऊ स्प्रिंगा हव्यात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, अंगठ्याने सहज दाबता येईल अशी कोणतीही स्प्रिंग चालते. तिचा व्यास रिटेनरखाली (स्प्रिंग पकडणाऱ्या वरच्या टोपीखाली) बसला पाहिजे. खऱ्या स्प्रिंगेवर ही तपासणी करू नका. टप्पा ४ मध्ये व्हॉल्व्ह हाताने दाबायचा आहे, आणि कडक स्प्रिंग लावून कॅम पुन्हा पुन्हा फिरवला तर नव्या लोबवरचे वंगणही पुसले जाते.

गॅस्केट कोणते लावायचे? अंतिम बांधणीत ज्या कंपनीचे आणि जाडीचे वापरणार, त्याच प्रकारचे आधी वापरून दबलेले जुने गॅस्केट चाचणीसाठी उत्तम. नवे गॅस्केट चाचणीत आवळून परत वापरू नका.

एक महत्त्वाची गोष्ट. या इंजिनात हेडचे ११ नट आहेत आणि त्यातले चार रॉकरच्या ब्रॅकेटांमधून जातात. म्हणजे रॉकर शाफ्ट काढला की हेडची पकडही एका बाजूने सुटते.

सावधान: चालू गाडीवर ही तपासणी करणार असाल, तर आधी कूलंट पूर्ण काढा आणि अकराही नट मॅन्युअलमधल्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. फक्त रॉकरचे नट काढले तर हेड वाकू शकते, गॅस्केट उचलले जाते आणि पाणी सिलिंडरमध्ये शिरते. पुन्हा आवळतानाही पूर्ण क्रम आणि पूर्ण टॉर्क.

ब्रॅकेट काढताना त्यांच्या खाली आधीच शिम (उंची वाढवणारे पातळ पत्रे) सापडल्या तर कोणत्या ब्रॅकेटखाली किती, हे लगेच लिहून ठेवा.

## टप्पा १: आठही स्टेम एका उंचीवर आणा

शाफ्ट सगळ्यांना एकच आहे. आठ टोके आठ उंचीवर असतील, तर शाफ्टची कोणतीही उंची फार तर दोघा-तिघांनाच मानवेल. म्हणून सुरुवात इथून.

हेड टेबलावर ठेवा. स्प्रिंगा काढलेल्या, सीटा लॅप करून झालेल्या. ब्रॅकेट ज्या मशीन केलेल्या पृष्ठभागांवर बसतात ते स्वच्छ पुसा. आपले मोजमाप तिथून. त्यांवर सारख्या उंचीचे दोन ठोकळे ठेवा (जुन्या बेअरिंगच्या सारख्या दोन रेस छान काम करतात), वर सरळ पट्टी ठेवा आणि पट्टीपासून प्रत्येक स्टेमच्या टोकापर्यंतचे अंतर डेप्थ व्हर्नियरने मोजा. मोजताना व्हॉल्व्ह बोटाने वर ओढून सीटवर घट्ट बसलेला असला पाहिजे.

आठ आकडे लिहा. समोरून क्रम असा: एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट, एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट. सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या टोकातला फरक ०.२५ मिमी, म्हणजे दहा थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असेल तर मी पुढे जातो. त्यापेक्षा जास्त असेल तर कारण शोधायचे.

एका हेडमध्ये सातही आकडे जवळजवळ सारखे आणि एक एक्झॉस्ट मात्र दीड मिलिमीटर वर, असे दिसले होते. त्या एका सीटवर खड्डे पडले होते आणि ते जाईपर्यंत कटर फिरवत राहिले होते. अशा वेळी स्टेमचे टोक दीड मिलिमीटर घासून "उंची जुळवली" असे करायचे नाही. टोकाचा कडक थर पातळ असतो, ०.२५ मिमीच्या आसपास साफ करण्यापुरते घासावे, त्यापुढे जाऊ नये. खोल गेलेल्या सीटचा इलाज नवी सीट रिंग बसवणे हाच. टोक घासायचे तर व्हॉल्व्ह ग्राइंडरवर, स्टेमला अगदी काटकोनात. हातात धरून एमरी व्हीलवर टेकवलेले टोक तिरके होते आणि पुढची सगळी तपासणी खोटी ठरते.

तपासा: स्प्रिंगेची बसलेली उंचीही आत्ताच मोजून ठेवा. सीट खोल गेली की रिटेनर वर जातो आणि स्प्रिंग ढिली पडते. टप्पा ७ मध्ये हा आकडा लागेल.

## टप्पा २: रॉकर, बुश आणि शाफ्ट

झिजलेल्या रॉकरवर भूमिती मोजणे म्हणजे वेळ घालवणे. पॅडवर, म्हणजे रॉकरच्या स्टेमवर टेकणाऱ्या भागावर, नखाला लागेल असा खळगा पडला असेल तर तो रॉकर बाजूला काढा. खळग्यावरून फिलर गेजची पात सपाट जाते, खरा गॅप तिच्याखाली जास्त असतो. "पंधरा थाऊ लावलं तरी वाजतंय" या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढेच असते. पॅड ग्राइंड करता येतो, पण त्याची गोलाई कायम राहील अशा जिगवरच. हाताने घासलेला पॅड सपाट होतो.

शाफ्टवरची झीज बहुधा खालच्या अंगाला असते, वरून बघितले तर चकचकीत दिसतो. फिरवून खालून नख फिरवा. चारही ब्रॅकेटांची उंची बुडापासून शाफ्टच्या छिद्रापर्यंत मोजा. ती एकसारखी हवी.

## टप्पा ३: चाचणी बांधणी

पहिल्या सिलिंडरचे दोन व्हॉल्व्ह मऊ स्प्रिंगेवर बांधा. हेड जुन्या गॅस्केटसह बसवा, रॉकर शाफ्ट लावा, सगळे नट क्रमाने टॉर्क करा. टायमिंग चेन खऱ्या खुणांवर बसवलेली हवी. कॅमच्या लोबवर साधे इंजिन ऑइल पुरे. मॉलीची पेस्ट शेवटच्या बांधणीसाठी राखा.

टीडीसी (पिस्टनची सर्वांत वरची जागा) पुलीवरच्या जुन्या खुणेवरून धरू नका. प्लगच्या भोकातून पिस्टनला अडवणारा स्टॉप लावा, क्रँक एकदा सुलट आणि एकदा उलट, अडेपर्यंत हलकेच फिरवा, टायमिंग डिस्कवरचे दोन आकडे घ्या. त्यांचा मध्य म्हणजे टीडीसी. मग स्टॉप काढायला विसरू नका. यापुढे क्रँक नेहमीच्याच दिशेने फिरवायचा, म्हणजे चेनचा ढिलेपणा मापात येत नाही.

अॅडजस्टिंग स्क्रू शून्य गॅपवर आणा. डायल गेजचा दांडा स्टेमला समांतर ठेवून रिटेनरवर टेकवा आणि पूर्ण लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह एकूण किती उघडतो ते, मोजा. समजा ती ९ मिमी आली. मग अर्धी लिफ्ट ४.५ मिमी. दोन्ही आकडे लिहा. सोबत पुशरॉडच्या जागी लोबची लिफ्टही मोजा. व्हॉल्व्हच्या लिफ्टला लोबच्या लिफ्टने भागले की रॉकरचे प्रत्यक्ष गुणोत्तर मिळते. या घराण्यात ते १.४ च्या आसपास असते.

## टप्पा ४: शाफ्टची उंची

सगळ्या कामाचा जीव इथे आहे, म्हणून सावकाश करा.

रॉकर शाफ्टभोवती वर्तुळाकार फिरतो, व्हॉल्व्ह मात्र सरळ रेषेत खाली जातो. या दोन हालचाली कधीच पूर्ण जुळत नाहीत, त्यामुळे पॅड स्टेमच्या टोकावर थोडा घासत सरकतोच. आपल्याला तो घास कमीत कमी करायचा आहे. व्हॉल्व्ह अर्ध्या लिफ्टवर असताना रॉकरचा हात स्टेमला काटकोनात आला, की पॅड अर्ध्या वाटेपर्यंत बाहेर जातो आणि उरलेल्या अर्ध्या वाटेत तितकाच परत येतो. हाताची लांबी ३६ मिमी आणि लिफ्ट ९ मिमी धरली तर ही सरक सुमारे ०.२८ मिमी भरते. तोच काटकोन व्हॉल्व्ह बंद असताना साधला, तर पॅड एकाच दिशेने सरकत जातो आणि सरक १.१४ मिमी होते, म्हणजे चौपट. हा सगळा आडवा रेटा गाइडवर येतो.

नुसत्या डोळ्यांनी काटकोन बघून ठरवू नका. रोलर लावलेल्या रॉकरमध्ये शाफ्टच्या मध्यापासून रोलरच्या मध्यापर्यंत रेषा धरता येते. आपल्या रॉकरला गोलाईचा पॅड आहे. इथे रेषा पॅडच्या गोलाईच्या केंद्रापर्यंत धरावी लागते, आणि ते केंद्र टोकाच्या वर हवेत कुठेतरी असते. त्यामुळे रॉकर "आडवा दिसतोय" म्हणून भूमिती बरोबर, हा निष्कर्ष फसवा आहे. स्टेमच्या टोकावरच्या रेघा मात्र खरे सांगतात.

रेघा अशा काढायच्या:

१. व्हॉल्व्ह बंद, गॅप शून्य. अंगठ्याने रिटेनर दाबून व्हॉल्व्ह जरासा खाली न्या. रॉकरखाली फट पडेल. तिथून बारीक ब्रशने टोकावर निळ्याचा पातळ थर द्या.

२. व्हॉल्व्ह हलकेच वर सोडा, म्हणजे टोक पॅडला टेकेल. आता रॉकर शाफ्टवर आडवा एक-दोन मिलिमीटर सरकवा आणि परत आणा. रॉकरांमधली स्प्रिंग तेवढी जागा देते.

३. पुन्हा व्हॉल्व्ह दाबून भिंगातून बघा. निळ्यात एक बारीक चकचकीत रेघ उमटलेली दिसेल. पॅड नेमका तिथे टेकतो. टोकाच्या बाहेरच्या कडेपासून, म्हणजे शाफ्टपासून लांबच्या कडेपासून, रेघेचे अंतर मोजून लिहा.

४. टोक पुसा. क्रँक फिरवून व्हॉल्व्ह अर्ध्या लिफ्टवर आणा, तीच कृती. मग पूर्ण लिफ्टवर, तीच कृती.

तीन आकडे मिळाले: बंद, अर्धी, पूर्ण. वाचायचे असे:

बंद आणि पूर्ण हे दोन आकडे सारखे, आणि अर्ध्या लिफ्टची रेघ त्यांच्यापेक्षा किंचित बाहेर: उंची बरोबर आहे.

पूर्ण लिफ्टची रेघ बंदच्या रेघेपेक्षा बाहेरच्या कडेजवळ: शाफ्ट खाली आहे, वर उचलायला हवा. सीटा कापलेल्या हेडमध्ये बहुधा हेच सापडते.

पूर्ण लिफ्टची रेघ बंदच्या रेघेपेक्षा आत, शाफ्टकडे: शाफ्ट वर आहे, खाली आणायला हवा.

किती? बंद आणि पूर्ण यांच्या आकड्यांतला फरक घ्या, त्याला हाताच्या लांबीने गुणा आणि लिफ्टने भागा. वरच्या उदाहरणात ३६ भागिले ९ म्हणजे ४. रेघांमध्ये ०.२५ मिमी फरक असेल तर शाफ्ट १ मिमी हलवायचा. भिंगातून मोजताना ०.१ मिमीची चूक सहज होते आणि तिचे उंचीत ०.४ मिमी होतात, म्हणून प्रत्येक रेघ दोनदा काढा. उत्तर अर्ध्या मिलिमीटरच्या आत आले तर काही करू नका, पुढे जा.

शाफ्ट उचलायचा तर चारही ब्रॅकेटांखाली सारख्या जाडीच्या, पोलादी पत्र्याच्या, ब्रॅकेटच्या बुडाच्या आकाराच्या शिम. गॅस्केटचा कागद किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा नको. तो दबतो आणि हेडच्या त्या चार नटांचा टॉर्क कमी होतो. शिम बसल्यावर नटात स्टडचे पूर्ण आटे येतात ना, हे बघा. शाफ्ट खाली आणायचा तर चारही ब्रॅकेट एकाच सेटिंगमध्ये बुडाकडून मिलिंग किंवा सरफेस ग्राइंडिंग करून घ्या.

सावधान: रॉकर शाफ्टला तेल हेडमधून एका ब्रॅकेटमार्फतच वर येते. त्या ब्रॅकेटखालच्या शिमला तेलाचे छिद्र बरोबर जागी आणि पूर्ण मोकळे हवे. ते राहिले तर आठही रॉकर कोरडे चालतील. शिम लावल्यावर हेडमधल्या तेलाच्या भोकात हवा फुंकून ती शाफ्टच्या छिद्रांतून बाहेर येते का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक नेहमीची चूक इथेच सांगतो. रेघा टोकाच्या अगदी मधोमध दिसत नाहीत म्हणून काही जण शिम वाढवत-कमी करत बसतात. शाफ्ट इंजिनात रेघा मध्यापासून किती आत-बाहेर पडणार हे हाताची लांबी आणि ब्रॅकेटची जागा ठरवते. उंचीने त्यात फार फरक पडत नाही. सरक कमीत कमी आहे आणि कोणतीही रेघ टोकाच्या चेंफरवर (तिरक्या कापलेल्या कडेवर) चढत नाही, एवढे पुरे. रेघा मधोमध आणण्याच्या नादात सरक दुप्पट करून ठेवलेली इंजिने मी उघडली आहेत.

तपासा: शिम लावल्यावर तिन्ही रेघा पुन्हा काढा. मग मऊ स्प्रिंगा हलवून चौथ्या सिलिंडरवर तीच तपासणी. पहिला आणि चौथा जुळले तर मधले बहुधा जुळतातच. टप्पा १ नीट केला असेल तर.

## टप्पा ५: बाजूची रेषा

वरून सरळ खाली बघा. प्रत्येक रॉकरचा पॅड स्टेमच्या टोकावर आडव्या दिशेने मध्यावर हवा. नसेल तर शाफ्टवर पातळ वॉशर घालून सरकवा. पॅडची कड टोकावर येता कामा नये.

## टप्पा ६: आता पुशरॉड

या इंजिनात वेगळा मोजायचा पुशरॉड बनवण्याची गरज नाही. अॅडजस्टिंग स्क्रू हेच आपले मोजमाप.

जुना पुशरॉड घाला, टॅपेट कॅमच्या बेस सर्कलवर आणा, गॅप शून्य करा. आता रॉकरच्या खालच्या अंगाला स्क्रू किती बाहेर आला आहे ते बघा. रॉकरखाली त्याचे दोन-तीन आटे दिसावेत आणि वर लॉकनटसाठी पूर्ण आटे उरावेत, अशी जागा मला योग्य वाटते. स्क्रू फार वर गेला असेल, गोळा रॉकरला भिडायला आला असेल, तर पुशरॉड लांब आहे. खूप खाली लोंबत असेल तर आखूड आहे. अशा स्क्रूवर वाकवणारा जोर येतो. हव्या असलेल्या जागेपासून स्क्रू जितका दूर, तितका पुशरॉडच्या लांबीतला बदल. स्क्रूला तेलाचे छिद्र किंवा खाच असेल तर ती रॉकरमधल्या तेलाच्या वाटेसमोर येते का, हेही बघा.

शिम टाकल्या असतील तर इथे त्यांचा परिणाम दिसेल, आणि तो शिमच्या जाडीपेक्षा जास्त असेल. शाफ्ट १ मिमी वर गेला की रॉकरचे व्हॉल्व्हकडचे टोक जागीच राहते, म्हणून पुशरॉडकडचे टोक १ मिमी अधिक त्याच्या १.४ वा भाग, म्हणजे एकूण सुमारे १.७ मिमी वर जाते. पुशरॉड आधी विकत घेतले तर का फुकट जातात, ते इथे कळते.

सगळे पुशरॉड काचेवर लोळवून बघा, वाकडा लगेच थडथडतो. मग प्रत्येक पुशरॉड पूर्ण लिफ्टच्या प्रवासात हेडच्या किंवा ब्लॉकच्या भोकाला घासत नाही ना, ते निळे लावून तपासा.

## टप्पा ७: खऱ्या स्प्रिंगा

आता खऱ्या स्प्रिंगा लावा. टप्पा १ मध्ये लिहिलेली बसलेली उंची मॅन्युअलपेक्षा जास्त असेल तर स्प्रिंगेखाली शिम. पूर्ण लिफ्टवर स्प्रिंगेच्या वेढ्यांमध्ये मिळून किमान १.५ मिमी जागा उरायला हवी, आणि रिटेनरचे बूड व ऑइल सील किंवा गाइडचे टोक यांच्यातही तितकीच. बाहेरची आणि आतली, दोन्ही स्प्रिंगा स्वतंत्र बघा. आतलीचे वेढे आधी भिडू शकतात आणि ते बाहेरून दिसत नाही.

## टप्पा ८: पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली जागा

हेड उतरवले असेल, कॅम बदलला असेल किंवा पिस्टन वेगळे असतील तर हा टप्पा टाळता येत नाही. पहिल्या सिलिंडरवर पुन्हा मऊ स्प्रिंगा चढवा. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी टीडीसीच्या २० अंश आधीपासून २० अंश नंतरपर्यंत, दर दोन अंशांवर थांबा. डायल गेज रिटेनरवर ठेवून व्हॉल्व्ह हाताने दाबा, तो पिस्टनला टेकेपर्यंत किती जातो ते वाचा. एक्झॉस्ट टीडीसीच्या थोडा आधी पिस्टनच्या सर्वांत जवळ येतो, इनलेट थोडा नंतर. नेमक्या टीडीसीवर एकदा मोजून "भरपूर जागा आहे" म्हणणे ही इथली नेहमीची चूक.

इनलेटला किमान २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी जागा ठेवावी. एक्झॉस्ट तापून लांब होतो आणि वेगात पिस्टन त्याच्या मागे धावत असतो, म्हणून त्याला जास्त. मुलांच्या खेळण्यातली क्ले पिस्टनवर थापून, इंजिन दोन फेऱ्या फिरवून, हेड काढून क्ले कापून जाडी मोजण्याची पद्धतही चांगली आहे. व्हॉल्व्हच्या कडेला बाजूने किती जागा आहे ते तिच्यातच दिसते. क्लेला व्हॉल्व्हच्या बाजूने तेल लावा, नाहीतर ती चिकटून वर येते.

तपासा: क्रँक कुठेही अडला तर जोर लावू नका. उलट फिरवा आणि काय अडले ते शोधा.

## टप्पा ९: शेवटची बांधणी आणि टॅपेट

सगळे उघडा, धुवा, नवे गॅस्केट लावा. कॅमच्या लोबवर आणि टॅपेटच्या बुडाला मॉलीची पेस्ट, रॉकरला आणि पुशरॉडच्या दोन्ही टोकांना तेल. शिम आपापल्या ब्रॅकेटखाली, तेलाचे छिद्र पुन्हा एकदा पाहून. नट क्रमाने, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलच्या टॉर्कला.

टॅपेट सेट करताना नऊचा नियम वापरा. या इंजिनात व्हॉल्व्हची मांडणी दोन्ही टोकांकडून सारखी असल्यामुळे तो चपखल बसतो: आठवा पूर्ण उघडा असताना पहिला सेट करा, सहावा उघडा असताना तिसरा, पाचवा उघडा असताना चौथा, बेरीज नेहमी नऊ. म्हणजे जो सेट करतोय तो नक्की बेस सर्कलवर असतो. गॅप तुमच्या कॅमचा, मॅन्युअलमधला किंवा कॅम ग्राइंड करणाऱ्याने दिलेला. थंडवर की गरमवर, हेही त्याच्याकडूनच नक्की करून घ्या.

रॉकर कव्हर लावण्यापूर्वी प्लग काढून स्टार्टर फिरवा आणि आठही रॉकरांना तेल पोचताना डोळ्यांनी बघा. त्याच वेळी पुशरॉडांकडेही बघा: प्रत्येक पुशरॉड स्वतःभोवती हळूहळू फिरायला हवा. न फिरणाऱ्याच्या खाली टॅपेट अडकलेले असते किंवा लोब सपाट झालेला असतो, आणि असा लोब पहिल्या तासातच खाल्ला जातो.

नवा किंवा ग्राइंड केलेला कॅम असेल तर इंजिन सुरू झाल्यावर आयडलवर सोडू नका. पहिली २० मिनिटे २,००० आरपीएमच्या आसपास ठेवा, कारण कॅमला उडणारे तेल त्या वेगालाच पुरेसे मिळते. पाण्याचे तापमान आणि ऑइल प्रेशर यांवर लक्ष असू द्या. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट आणि टॅपेट परत तपासा. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा: आठही गॅप लिहून काढा आणि पहिल्या यादीशी ताडून बघा. एखादा गॅप वाढला असेल तर तिथला लोब, टॅपेट किंवा पॅड झिजतोय. कमी झाला असेल तर तो व्हॉल्व्ह सीटमध्ये आत रुततोय. तो व्हॉल्व्ह जळण्यापूर्वी हेड उतरवा.